उजवीकडची दीड वर्षांची ताई

अँथनी व्हॅन डाइकने १६३७ साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या पाच मुलांचं एकत्र चित्र काढलं. ते आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. कॅनव्हास जवळजवळ दोन मीटर रुंद. मधोमध सात वर्षांचा युवराज चार्ल्स, लाल पोशाखात, आणि त्याचा हात एका दांडग्या मास्टिफ कुत्र्याच्या डोक्यावर. डावीकडे मेरी आणि जेम्स ही भावंडं. या चित्राबद्दल लिहिणारे बहुतेक जण युवराज आणि कुत्रा यांच्यापाशीच रेंगाळतात. पुढचा राजा किती शांत उभा आहे, एवढं मोठं जनावर त्याने किती सहज काबूत ठेवलंय वगैरे. ते बरोबरच आहे. तरी चित्राचा जीव मला उजव्या बाजूला दिसतो. तिथे राजकन्या एलिझाबेथ आहे आणि तिच्या आधाराने टेकलेली, त्याच वर्षी मार्चमध्ये जन्मलेली अ‍ॅन. एलिझाबेथचा जन्म डिसेंबर १६३५चा. म्हणजे बाळाला सावरून धरणारी ही ताई स्वतःच दीड-पावणेदोन वर्षांची आहे.

ज्यांच्या घरात असं एक दुडदुडणारं आणि एक पाळण्यातलं अशी जोडी आहे, त्यांना यातली कमाल वेगळी सांगायला नको. दीड वर्षाचं मूल एका जागी बसवायचं हेच आधी अवघड. त्यात त्याच्याजवळ ठेवायचं कोणाला, तर ज्याच्यामुळे आईची मांडी गेली त्या बाळाला. आणि चेहरा मात्र हसरा हवा! आपल्याकडे हल्ली बाळ घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात फोटोशूट ठरतं, फोटोग्राफर घरी येतो, टोपल्या-दुपटी मांडतो, आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. बाळ झोपलं का, बाळाने शी केली का, बाळाला भूक लागली का. थोरलं दाराशी उभं राहून हे बघत असतं. मग शेवटी कोणाला तरी आठवतं, ‘अरे, ताईबरोबर एक काढू या की!’ आणि तिथेच सगळं फिसकटतं. माझं म्हणणं असं की या प्रकारच्या फोटोत बघण्यासारखं जे असतं ते थोरल्याच्या चेहऱ्यावर असतं. तान्हं बाळ देखणं दिसतं, पण ते फोटोत काही करत नाही. जे घडतं ते थोरल्याच्या बाजूला घडतं. व्हॅन डाइकला हे पक्कं ठाऊक होतं.

चित्र डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की शिष्टाचार पायरी-पायरीने उतरत जातो. मेरी साडेपाच-सहा वर्षांची. हात जुळवून, पाठ ताठ ठेवून, दरबारात उभं राहायला शिकवलेल्या मुलीसारखी उभी आहे. चार्ल्सने आपण कोण आहोत हे पुरतं ओळखलं आहे. दोघांमध्ये जेम्स, अजून घागऱ्यात. त्या काळी तिकडे मुलगे सहा-सात वर्षांचे होईपर्यंत असेच मुलींसारखे वाढत. (आपल्याकडेही जावळ व्हायच्या आधी वेण्या घालून, फ्रॉक चढवून काढलेले आजोबा-पणजोबांचे फोटो कित्येक घरांत सापडतील.) मग कुत्रा येतो, आणि कुत्र्याच्या पलीकडे दरबार संपतो. अ‍ॅनच्या अंगात जेमतेम एक सैल पांढरं वस्त्र आहे, हातपाय उघडे. पायथ्याशी एक छोटा स्पॅनियल. एलिझाबेथ बाळाकडे झुकलेली. मोठी तिघं आपलं चित्र निघतंय हे जाणून उभी आहेत. एलिझाबेथला त्याची फिकीर नाही, कारण तिच्या हाताला काम आहे.

ही या चित्रातली सगळ्यात हुशार गोष्ट. एवढ्या लहान मुलाला ‘नीट उभी राहा’ सांगून काही होत नाही. त्याला काहीतरी करायला द्यावं लागतं. बाळाला धरण्याचं काम दिलं की शरीराला आपोआप आकार येतो: खांदा पुढे, मान तिरकी, नजर खाली, बोटं ताणलेली. तो आकार कोणी शिकवून येत नाही. आजचे चांगले फोटोग्राफर नेमकं हेच करतात. ‘बाळाची पापी घे’ ही आज्ञा बहुतेकदा फसते. मूल एकदा घेतं, ओठ फक्त टेकवतं, आणि लगेच आईकडे बघतं, जमलं ना म्हणून. त्याऐवजी हळूच म्हणावं, ‘बाळाच्या डोक्याला कसला वास येतो गं?’ ती वाकते, नाक टाळूजवळ नेते, डोळे मिटते, विचार करते. चार-पाच सेकंद मिळतात. तेवढे पुरतात. बाळाच्या पायाची बोटं मोजायला सांगणं, त्याच्या कानात गुपित सांगायला लावणं, हरवलेला मोजा शोधायला सांगणं ही सगळी त्याच जातीची कामं. गुपित सांगताना तर मुलं खरंच काहीतरी सांगतात, आणि काय सांगितलं हे विचारायचं नसतं.

व्हॅन डाइकची तयारी कशी होती याचा पुरावा शिल्लक आहे. एडिनबर्गच्या स्कॉटिश नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत तैलरंगातला एक लहानसा खर्डा आहे. त्यात फक्त दोन डोकी: टोपड्यातली एलिझाबेथ आणि टोपड्यातली अ‍ॅन. बाकीची तिघं नाहीत, कुत्रा नाही, पडदा नाही. कपड्यांना कुंचल्याचे चार-दोन फटकारे, चेहऱ्यांना मात्र सगळा जीव लावलेला. मुली समोर असताना भराभर उतरवून घेतलेलं हे काम आहे. या दोघींबरोबर आपल्याला किती कमी वेळ मिळणार आहे हे ओळखून चित्रकाराने जे नंतर मिळवता येणार नाही तेवढंच आधी मिळवलं. कपडे नंतर येतील, कुत्रा नंतर येईल.

ही त्याची रीतच होती. याबाख नावाचा एक सावकार त्याच्या ओळखीचा. व्हॅन डाइक एका बैठकीला तासाच्या वर वेळ देत नसे, कपडे मागवून घेऊन ते मदतनिसांकडून रंगवून घेत असे, असं या याबाखने पुढे सांगितल्याची नोंद आहे. मोठ्यांना तासभर, तर दीड वर्षाच्या पोरीला किती? या खर्ड्यातला घाईचा हात मला अंतिम चित्राइतकाच आवडतो. किंचित जास्तच म्हणा. मोठ्या चित्रात एलिझाबेथ राजकन्या झाली आहे. खर्ड्यात ती नुसती बाळाजवळची ताई आहे.

आजच्या शूटमध्ये या खर्ड्याची जागा कुठे? माझ्या मते क्रमात. भावंडांचा फोटो सगळ्यांत आधी काढून घ्यावा. थोरलीची झोप झालेली, पोट भरलेलं, घरात नुकताच आलेला पाहुणा अजून नवा वाटतोय, अशा पहिल्या पंधरा मिनिटांत. मग तिला मोकळं सोडावं, आजोबांबरोबर खाली बागेत पाठवावं, आणि मागाहून निजलेल्या बाळाचे टोपलीतले, दुपट्यातले फोटो हवे तेवढे काढत बसावं. बाळाला पुढच्या तासाची घाई नसते, थोरलीला असते. पण बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं.

आणखी एक अडचण असते, तिचा उल्लेख कोणी करत नाही. बाळ उघडं ठेवायचं तर खोली चांगली उबदार लागते. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, वर हीटर. अशा खोलीत जरीचा काठ असलेला परकर-पोलका घातलेली अडीच वर्षांची मुलगी पाच मिनिटांत घामाघूम होते, मान खाजवायला लागते, आणि तिचा चेहरा लाल झाला की आई म्हणते, ‘आज फारच चिडचिडी झालीये.’ तिला आदल्या आठवड्यात दोनदा तरी घालून झालेला साधा सुती फ्रॉक घालावा. जरीचा काठ बाळाच्या गालालाही टोचतो. कपड्यांवरून रुसवेफुगवे मात्र पहिल्यापासून चालत आलेत. १६३५ साली व्हॅन डाइकने याच राजाच्या तीन मोठ्या मुलांचं चित्र ट्युरिनला, राणीच्या बहिणीकडे पाठवण्यासाठी काढलं, तेव्हा लहान मुलांना रिवाजाप्रमाणे घालायचा एप्रन चित्रकाराने दाखवला नाही म्हणून राजाची खप्पा मर्जी झाल्याचं तेव्हाच्या पत्रात नमूद आहे. पैशांच्या बाबतीतही फार काही बदललेलं नाही. पाच मुलांच्या चित्राचे व्हॅन डाइकने दोनशे पौंड लावले होते, राजाने शंभरावर आणले.

आता एका साध्या फोटोकडे येतो. नात्यातल्या एका घरचा आहे. चौकटीत लावलेला नाही, आणि का नाही तेही सांगतो.

खिडकीशेजारची गादी, तिच्यावर फिकट सुती चादर. बाळ उताणं, आजीच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात खांद्यापर्यंत गुंडाळलेलं. त्याच्या डावीकडे अडीच वर्षांची बहीण पालथी पडली आहे, एक कोपर टेकलेलं, हनुवटी मुठीवर. दुसरा हात पुढे आला आहे आणि त्या हाताची तर्जनी बाळाच्या कानापासून अर्ध्या बोटाच्या अंतरावर थांबली आहे. स्पर्श नाही. बाळ दवाखान्यातून घरी आल्या दिवसापासून तिने जितक्यांदा ‘हात लावू नकोस’ ऐकलं असेल, ते सगळं त्या अर्ध्या बोटात आहे. चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही. ओठ थोडे विलग. एवढा लहान कान असू शकतो हे ती पहिल्यांदाच नीट बघते आहे. मागे तिचा एक पाय गुडघ्यातून वर उचललेला, आणि तो हलला म्हणून धूसर आलाय. फोटोच्या उजव्या कडेला, बाळाच्या डोक्यापाशी, आईची चार बोटं आणि मनगटावरच्या दोन हिरव्या बांगड्या.

घरच्यांनी हा बाजूला काढला. कारणं तीन सांगितली गेली: ती हसत नाहीये, पाय हलला आहे, आणि आईचा हात मध्येच आलाय. चौकटीत गेला तो पापीचा. त्यात ओठ बाळाच्या गालाला लागले आहेत खरे, पण डोळे फोटोच्या बाहेर तिरके गेलेत, जिथे बाबा चॉकलेट धरून उभे असणार. एकदा हे लक्षात आलं की त्या फोटोत दुसरं काही दिसतच नाही.

बाजूला पडलेल्या फोटोच्या तिन्ही दोषांची बाजू मला घ्यावीशी वाटते. पायाचं धूसरपण तर फारच मोलाचं. वरचं अंग पुतळ्यासारखं स्थिर आणि खालचं चळवळतंय, म्हणजे तिने स्वतःला किती आवरून धरलंय ते कळतं. तिचं न हसणंही योग्यच. अडीच वर्षांचं मूल एकाग्र असतं तेव्हा हसत नाही. हसतं ते मोठ्यांच्या सोयीसाठी. प्रकाशाचं कामही इथे चोख झालंय. खिडकी दोघांच्या डोक्याच्या बाजूला आहे, त्यामुळे उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरतो आणि नाकाची सावली खाली पडते. बाळाचे पाय खिडकीकडे ठेवले असते तर उजेड हनुवटीखालून वर चढला असता आणि गोजिरा चेहरा अंधारात हनुवटीखाली बॅटरी धरून भूत-भूत खेळणाऱ्या पोरासारखा दिसला असता. कॅमेरा गादीच्या उंचीवर उतरवला आहे. वरून काढलेल्या फोटोत भावंडं वस्तूंसारखी मांडलेली वाटतात. इथे आपणही पालथे पडून बघतो आहोत.

अशा पालथ्या निजण्याला आणखी एक कारण आहे. नवजात बाळाला स्पष्ट दिसतं ते साधारण वीस ते तीस सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे वीतभर किंवा थोडं पुढे. उभ्या राहून डोकावणारी ताई त्याच्या लेखी नुसता एक धुरकट आकार. शेजारी निजलेल्या ताईचा चेहरा मात्र त्याच्या टप्प्यात येतो, आणि बाळ जागं असलं तर मान वळवून खरोखर तिच्याकडे बघतं. तो फोटो मिळाला तर नशीब. शिवाय ही मांडणी सुरक्षित. सोफ्यावर टेकवून, मांडीवर उशी ठेवून, तिच्यावर बाळ द्यायचं तर एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. उभ्या मुलाच्या हातात बाळ द्यायचंच नाही, मग कोणी कितीही हौस करो. थोरल्याला सर्दी-खोकला असेल तर शूट सरळ पुढे ढकलावं.

राहिला आईचा हात. फोटोग्राफर म्हणाला होता, काढून टाकता येईल. येतोच. नवजात बाळांच्या व्यावसायिक फोटोंत हात पुसणं हे रोजचं काम आहे. दोन्ही मुठींवर हनुवटी टेकवून बेडकासारखं बसलेलं बाळ आपण सर्रास पाहतो, ती किमया दोन फोटोंची असते. एकात कोणीतरी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं. दोन्ही जोडायचे आणि मोठ्यांचे हात मिटवायचे. तान्ह्या बाळाला मान सावरता येत नाही, त्यामुळे हे असंच करावं लागतं. जो खरोखर बाळाला तसं बसवून सोडतो त्याला घरात घेऊ नये.

पण पुसलेल्या हाताची गोष्ट त्याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फोटोसाठी कित्येक सेकंद हलायचं नसे. मग आया मुलांना मांडीवर घेऊन बसत, आणि त्यांच्यावर डोक्यापासून पायापर्यंत चादर किंवा पडदा टाकत. जणू ती खुर्चीच. असे शेकडो फोटो आज संग्राहकांकडे आहेत आणि ‘लपलेली आई’ या नावाने ओळखले जातात. मुलाच्या कमरेभोवती पडद्यातून आलेला हात, खुर्चीला असू नये असा खांदा. बघताना चमत्कारिक वाटतं. हेतू साधा होता, फोटो मुलाचा हवा होता. गादीवरच्या त्या फोटोत चार बोटं आणि दोन बांगड्या राहिल्या, आणि त्यामुळे तिघांचं नातं एका चौकटीत आलं: बाळ आईच्या हाताशी, मुलगी थोडी लांब, आणि तिचं बोट अधांतरी. हात पुसला असता तर ते बोट का थांबलंय हेच कळलं नसतं.

कोलकात्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा हातात घेतला. तिच्या पद्धतीत एकेका फोटोला कधी काही मिनिटंही लागत. दोन वर्षं तीन महिन्यांच्या आपल्या नातवाचा, आर्चीचा, तिने १८६५ साली काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तो गाढ झोपलेला आहे आणि तिची नेहमीची मॉडेल मेरी हिलियर त्याच्यावर वाकली आहे. समीक्षक त्यात मरिया आणि बालयेशू बघतात. मला आधी एका आजीचं व्यवहारज्ञान दिसतं. सव्वादोन वर्षांचा मुलगा मिनिटभर न हलता मिळायचा तर झोपेतच. आज शटर सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागात पडतं, म्हणून आपण जाग्या मुलाचा फोटो काढू शकतो. आणि ही सोय मिळाल्यावर करतो काय, तर त्याला ‘स्माइल’ म्हणून पुन्हा पुतळा बनवतो.

बाळाच्या मुठीत ताईचं बोट, हा या प्रकारातला सगळ्यात लाडका फोटो. प्रत्येक अल्बममध्ये असतोच. तान्ह्या बाळाच्या तळहाताला काहीही लागलं की मूठ मिटते. ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया, पाच-सहा महिन्यांत ओसरते. बाळ ताईचं बोट जितक्या प्रेमाने धरतं तितक्याच प्रेमाने आत्याच्या ओढणीचं टोक धरतं. म्हणून नुसत्या मुठीचा जवळून काढलेला फोटो मला अर्धवट वाटतो. ज्या क्षणी मूठ मिटते त्या क्षणी थोरलीचा चेहरा बघावा. ‘त्याने मला धरलं!’ हा साक्षात्कार तिला त्याच सेकंदाला होत असतो, आणि फोटोग्राफरचं भिंग तेव्हा मुठीवर रोखलेलं असतं.

रंगांबद्दल थोडंसंच. आपल्या घरांच्या भिंती पोपटी, आंबा, गुलाबी असल्या की त्यांचा रंग बाळाच्या कातडीवर उतरतो. पहिल्या आठवड्यात बाळाला थोडी कावीळ असणं सर्रास आढळतं, त्यात आंबा रंगाची भिंत म्हणजे भर. पांढरी चादर आणि एक मोठी खिडकी असली की टोपल्या, फुलं, पंख यांची गरज उरत नाही. फोटोग्राफर अ‍ॅन गेडीस हिचं ‘डाऊन इन द गार्डन’ हे पुस्तक १९९६ साली आलं, तेव्हापासून बाळं फुलांत, कुंड्यांत, भोपळ्यांत बसायला लागली. तिची कल्पनाशक्ती आणि तिचा सराव तिच्यापाशी. घरोघरच्या नकलांमध्ये मात्र थोरल्या भावंडाला जागाच उरत नाही. भोपळ्यात दोघं मावत नाहीत.

आपल्याकडे अजून एक पक्ष असतो, तो म्हणजे आजी. फोटोग्राफरला बाळ पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान हवं असतं, कारण तेव्हा ते गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं अंग मुडपून घेतं. आजीला बाराव्या दिवशी बारसं होईपर्यंत फोटो नको असतो, दृष्ट लागते म्हणून. दोघांचं म्हणणं मानलं तर मधले जेमतेम दोन दिवस राहतात, आणि मला विचाराल तर ते दोन दिवसच उत्तम. तोवर कावीळही बरीच उतरलेली असते, आई थोडी सावरलेली असते. मुख्य म्हणजे थोरलीने बाळ आठवडाभर पाहिलेलं असतं. ते कायमचं राहायला आलंय हे तिला कळून चुकलेलं असतं. पहिल्या दिवसाचा चेहरा नुसता कुतूहलाचा, बाराव्या दिवसाचा फार गुंतागुंतीचा. एका घरी आजीने फोटोआधी बाळाच्या कपाळावर ठसठशीत तीट लावली, थोरलीने हट्ट करून आपल्यालाही लावून घेतली. फोटोग्राफरने नंतर दोन्ही तिटा डाग समजून साफ पुसून पाठवल्या. आजी जी भडकली ती अजून शांत नाही, आणि मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. दोन कपाळांवरच्या दोन तिटा हाच त्या फोटोचा विषय होता!

थोरलीची तयारी करायची म्हणजे तिला घोकवायचं नाही. ‘उद्या काका येणार, तू बाळाचा लाड करायचा हं’ असं चार दिवस सांगितलं की पाचव्या दिवशी ती लाडाचं नाटक करते. फोटोग्राफरने आल्या आल्या कॅमेरा काढू नये. आधी तिची भातुकली बघावी, पहिला फोटो तिच्या बाहुलीचा काढावा आणि पडद्यावर तिला दाखवावा. मग ती स्वतः सांगते, आता बाळाचा काढ. तिने ‘नाही’ म्हटलं तर तेही चालू द्यावं. आई-बाबा-बाळ गादीवर आणि ती दारात पाठ फिरवून उभी, असा एक फोटो मी पाहिला आहे. पाठीमागे बांधलेला फ्रॉकचा बो सुटलेला. त्या कुटुंबाचा त्या आठवड्याचा त्याहून खरा फोटो निघाला नसता.

व्हॅन डाइकच्या चित्रातल्या दोघींना पुढे फार आयुष्य मिळालं नाही. अ‍ॅन १६४० साली गेली, चौथं वर्ष पुरं व्हायच्या आत. १६४९मध्ये वडिलांचा शिरच्छेद झाला, आणि पुढच्याच वर्षी कॅरिसब्रुकच्या किल्ल्यात कैदेत असताना एलिझाबेथ चौदाव्या वर्षी गेली. चित्रकाराला यातलं काही दिसणं शक्य नव्हतं, म्हणून चित्रात करुणा शोधू नये. राजाने ते व्हाइटहॉलच्या राजवाड्यात आपल्या न्याहारीच्या दालनात, टेबलाच्या वर लावलं होतं. पाच मुलांच्या बापाला सकाळी न्याहारी करताना जे समोर असावंसं वाटलं, ते हे. त्यात मेरीचा ताठपणा होता, चार्ल्सचा रुबाब होता आणि बाळापायी दरबार विसरलेली दीड वर्षांची पोरही होती.

तेव्हा शूट ठरवताना फोटोग्राफरला टोपल्या किती, कपडे किती हे विचारण्याआधी थोरल्यासाठी किती वेळ ठेवला आहे ते विचारा. आणि एक करा. निवडलेले वीस-पंचवीस फोटो तुम्हाला मिळतात. न निवडलेले फोटोग्राफरकडे काही महिने राहतात आणि मग जागा करण्यासाठी पुसले जातात. ते पुसायच्या आत सगळे मागून घ्या, लागले तर थोडे जास्त पैसे द्या, आणि ज्यात थोरलं हसत नाहीये ते आधी बघा.